वाहन कंपन्यांना सीट आणि अंतर्भागाचे सुटे भाग पुरवताना

मोटारीच्या पुढच्या एका सीटमध्ये पत्र्याचा व नळ्यांचा सांगाडा, पाठ मागे-पुढे करणारा रिक्लायनर, सरकत्या पट्ट्या, स्प्रिंगची जाळी, साच्यात फुगवलेला पॉलियुरेथेन फोम, शिवलेले कव्हर, हेडरेस्ट, बेल्टचे बकल, वायरिंग आणि बाजूची प्लास्टिकची झाकणे असतात. हे सगळे एका छपराखाली बनत नाही. सांगाडा एकाचा, फोम दुसऱ्याचा, कापड तिसऱ्याचे आणि शिलाई चौथ्याची, असा हा धंदा उतरत्या पायऱ्यांनी चालतो. बेंगळुरूच्या परिसरात तो वाढला, त्याचे एक मोठे कारण बिडदी. टोयोटा किर्लोस्कर मोटर ही कंपनी १९९७ मध्ये स्थापन झाली आणि डिसेंबर १९९९ मध्ये बिडदीच्या कारखान्यातून क्वालिस बाहेर पडू लागली. किर्लोस्करवाडीचे हे घराणे कर्नाटकात त्याच्या कितीतरी आधी रुजले होते: हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर आणि बेंगळुरूत १९४६ पासून किर्लोस्कर इलेक्ट्रिक.

बेळगाव, कोल्हापूर, पुण्याकडचे लघुउद्योजक आणि पीण्या किंवा बोम्मसंद्र्यात शेड घेतलेली मराठी मंडळी यांचे प्रश्न बहुतेक वेळा तेच असतात. थेट कंपनीला माल देता येतो का? कोणते प्रमाणपत्र लागते? डायचा खर्च कोणी करायचा? बिल नव्वद दिवस अडकले तर दाद कुठे मागायची? त्यांची उत्तरे खाली क्रमाने दिली आहेत. एक गोष्ट आधीच सांगायला हवी: या धंद्यात पैसा कमी दरामुळे जितका जातो, त्याहून जास्त न लिहिलेल्या अटींमुळे जातो.

थेट कंपनीला सीट देता येईल का?

मोटारीच्या बाबतीत, नव्या लहान कारखान्याला जवळपास नाहीच. कारण तंत्राइतकेच वेळेचे आहे. सीट आकाराने मोठी, साठवायला जागा खाणारी, आणि मॉडेल, रंग, कापड, एअरबॅग, डावी-उजवी असे तिचे असंख्य प्रकार. म्हणून वाहन कारखाना सीटचा साठा करत नाही. रंगवलेली बॉडी असेंब्ली लाइनवर चढली की सीट बनवणाऱ्याला संदेश जातो आणि गाड्या ज्या क्रमाने लाइनवर येणार, त्याच क्रमाने सीट रचून ट्रक निघतो. हाताशी अवधी काही तासांचा असतो. एक सीट चुकीची गेली तर मागची रांग अडते. म्हणूनच पूर्ण सीट जोडणारा पुरवठादार वाहन कारखान्याच्या शेजारीच बसलेला असतो आणि बहुधा गाडीच्या आराखड्यापासून तिच्याशी बांधलेला असतो. बिडदीत हे काम टोयोटा बोशोकू करते. ही टोयोटाच्याच परिवारातली कंपनी, मूळची साकिची तोयोदा यांनी १९१८ मध्ये काढलेली कापडगिरणी.

अशा कंपनीला पहिल्या पायरीचा पुरवठादार म्हणतात. फोम, सांगाड्याचे दाबीव भाग, शिवलेली कव्हरे, तारा, क्लिपा, प्लास्टिकचे भाग तिला देणारे दुसऱ्या पायरीवर आणि त्यांना जॉबवर्क करून देणारे तिसऱ्या पायरीवर. नव्या उद्योगाने दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवरूनच सुरुवात करावी. त्यात कमीपणा नाही, भांडवलही कमी अडकते.

एक खाचखळगा मात्र इथेच आहे. कित्येकदा भाग आपण पहिल्या पायरीच्या कंपनीला देतो, पण तो कोणाकडून आणि कोणत्या दराने घ्यायचा हे वाहन कंपनीने ठरवलेले असते. दर एकाशी, पैसे दुसऱ्याकडून, अशी ही रचना. यात दरवाढ कोणाकडे मागायची आणि नाकारलेल्या मालाची जबाबदारी कोणाची, हे पहिल्या ऑर्डरच्या आधी लेखी विचारून घ्या. नंतर दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात.

बेंगळुरूभोवती गिऱ्हाईक कोण

- मोटारी: बिडदी. गुणवत्तेची शिस्त सर्वांत कडक, प्रवेशाला वेळ सर्वांत जास्त.
- दुचाकी: होसूरला टीव्हीएस आणि एथर, कोलार जिल्ह्यातल्या नरसापुरात होंडा. दुचाकीची सीट म्हणजे प्लास्टिकचा तळ, फोम आणि कव्हर, त्यामुळे लहान कारखान्याला त्यातल्या त्यात सोपी. मात्र संख्या मोठी आणि दर पैशांत मोजला जातो. होसूर तामिळनाडूत आहे हे विसरू नये. अंतर पाऊण-एक तासाचे असले तरी व्यवहार आंतरराज्य ठरतो आणि आयजीएसटी लागतो.
- बस: होसकोट्याला व्होल्वो, शिवाय केंगेरीला कर्नाटक परिवहन महामंडळाची विभागीय कार्यशाळा आणि खासगी बॉडी बांधणारे. संख्या कमी, प्रकार जास्त. लवचीक कारखान्याला हे काम मानवते.
- रेल्वे व मेट्रोचे डबे: बेंगळुरूतील बीईएमएल. ही केंद्र सरकारची कंपनी असल्यामुळे सूक्ष्म व लघु उद्योगांकडून वार्षिक खरेदीच्या २५ टक्के खरेदी करण्याचे २०१२ चे धोरण तिला लागू आहे. निविदेचे कागद मोफत आणि बयाणा रकमेतून सूट हे फायदे त्यातूनच मिळतात. पण डब्यातल्या साहित्याला आगीचे निकष मोटारीहून कितीतरी कडक असतात. युरोपीय ईएन ४५५४५ मानकाची मागणी आली तर मोटारीसाठी घेतलेला चाचणी अहवाल उपयोगी पडत नाही.

कोणता भाग हाती घ्यावा

फोमला साचे, मिश्रण सोडणारे यंत्र आणि तापमानावर नियंत्रण लागते. कच्चा माल म्हणजे पॉलिऑल आणि आयसोसायनेट. आयसोसायनेटची वाफ श्वसनमार्गाला घातक असते, तिच्यामुळे कामगाराला कायमचा दमा जडू शकतो. हवा खेचणारी यंत्रणा आणि मुखवटे हा खर्च दराच्या कागदात पहिल्याच दिवशी धरावा. प्रदूषण नियंत्रण मंडळाची उभारणीपूर्वीची आणि चालवण्याची, अशा दोन्ही संमती लागतात.

सांगाड्याचे काम दाबयंत्र आणि वेल्डिंगचे. कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यातल्या कारखानदाराला ते ओळखीचे वाटते, पण फाउंड्रीच्या ओतकामाचा अनुभव इथे फारसा चालत नाही. पातळ, उच्च ताकदीचा पत्रा वाकवताना तो परत उसळतो आणि वेल्ड सुरक्षेशी बांधलेले असते. रिक्लायनर आणि सरकत्या पट्ट्या तर विशेष तंत्र असलेल्या मोजक्या कंपन्यांचाच प्रांत आहे. त्या वाटेला नव्या माणसाने न गेलेले बरे.

कव्हरची शिलाई हे सर्वांत कमी भांडवलाचे काम, आणि म्हणूनच सर्वांत जास्त गैरसमजाचे. सोफ्याची किंवा दुचाकीची कव्हरे शिवणाऱ्याला वाटते की मोटारीचे कव्हर म्हणजे तेच, जरा नीट. तसे नाही. पुढच्या सीटच्या बाजूला एअरबॅग असेल तर ती उघडताना कव्हरची एक ठरावीक शिवण फाटलीच पाहिजे, आणि रोजच्या वापरात ती अजिबात उसवता कामा नये. यासाठी दोऱ्याचा प्रकार, ताण, टाक्यांची संख्या बांधून दिलेली असते. शिलाई यंत्र प्रत्येक शिवणीची नोंद ठेवते आणि कव्हरवर बारकोडचे लेबल लागते. पाच वर्षांनी एखाद्या गाडीची तक्रार आली तर ते कव्हर कोणत्या दिवशी, कोणत्या यंत्रावर, दोऱ्याच्या कोणत्या लॉटमधून शिवले हे सांगता आले पाहिजे. एअरबॅगची शिवण असलेले काम पहिल्याच वर्षी घेऊ नये. मागच्या सीटचे, हेडरेस्टचे, आर्मरेस्टचे कव्हर घेऊन नोंदींची सवय लावावी.

कापडाचा अपव्यय हाही इथला दडलेला खर्च. कव्हरच्या तुकड्यांची मांडणी कापडाच्या रुंदीवर कशी बसते यावर नफा ठरतो. गिऱ्हाइकाने कापड ठरवून दिले असेल तर त्याची उपयुक्त रुंदी आणि दोष किती धरायचा, हे दरपत्रकात लिहून घ्या.

प्लास्टिकच्या भागांना इंजेक्शन मोल्डिंग लागते. दाराची पॅनेले, झाकणे, हँडले यांत स्पर्धा तीव्र आहे. रंगाचा आणि पृष्ठभागाच्या पोताचा मेळ शेजारच्या भागाशी बसला नाही म्हणून माल परत येण्याचे प्रमाण इथे जास्त असते. दोन्ही बाजूंनी सही केलेला नमुना जपून ठेवणे हाच त्यावर उपाय.

चाचण्या: कायदा काय मागतो, गिऱ्हाईक काय मागते

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२६ प्रमाणे गाडीच्या नमुन्याला मान्यता घेण्याची जबाबदारी वाहन बनवणाऱ्याची. पुण्याची एआरएआय, मानेसरची आयकॅट, अहिल्यानगरची व्हीआरडीई, चेन्नईजवळची जीएआरसी अशा संस्था ती चाचणी करतात. सीट, तिची गाडीला होणारी जोडणी आणि हेडरेस्ट यांच्यासाठी मोटारींना एआयएस-०१६ आणि बस-ट्रकना एआयएस-०२३ ही मानके. बसच्या बांधणीला एआयएस-०५२. आतल्या साहित्याच्या ज्वलनशीलतेसाठी आयएस १५०६१.

पुरवठादाराला मान्यता घ्यावी लागत नाही, पण त्याच्या भागाचा अहवाल फाइलमध्ये लागतो. ज्वलनाच्या चाचणीत होणारी नेहमीची चूक अशी: कापडाचा अहवाल कापडवाल्याने दिला, फोमचा फोमवाल्याने दिला, म्हणजे काम झाले असे समजणे. कापड फोमच्या थराला चिकटवून वापरले जात असेल तर चाचणी त्या चिकटवलेल्या थराची हवी. चिकटद्रव्य बदलले की जळण्याची गती बदलते. निर्यातीच्या गाडीला अमेरिकेचे एफएमव्हीएसएस ३०२ लागू असेल तर मर्यादा मिनिटाला १०२ मिलिमीटर. स्वस्त पडतो म्हणून चिकटद्रव्याचा पुरवठादार परस्पर बदलणे हे या धंद्यातले सर्वांत महागडे बचतीचे पाऊल.

आता प्रमाणपत्र. आयएटीएफ १६९४९ ही कायद्याची अट नाही, गिऱ्हाइकाची आहे. ती आयएसओ ९००१ वर उभी असते, प्रत्येक कारखान्याच्या जागेला वेगळी मिळते, आणि वाहन उद्योगासाठी प्रत्यक्ष उत्पादन चालू नसेल तर मिळत नाही. म्हणजे “आधी प्रमाणपत्र आणा, मग ऑर्डर” असे कोणी म्हणत असेल तर तो एकतर नियम जाणत नाही किंवा टाळतो आहे. तिसऱ्या पायरीवर आयएसओ ९००१ आणि गिऱ्हाइकाचे स्वतःचे ऑडिट यांवर सुरुवात होऊ शकते. “दोन आठवड्यांत प्रमाणपत्र” विकणाऱ्या सल्लागारांपासून दूर राहा.

खरी परीक्षा पीपॅपची, म्हणजे उत्पादन सुरू करण्याआधीच्या भाग-मंजुरीची. तिच्या चौथ्या आवृत्तीत कागदपत्रांचे १८ घटक आणि सादरीकरणाचे पाच स्तर आहेत. बहुतेक वेळा तिसरा स्तर मागतात. नमुने खऱ्या डायवर, खऱ्या यंत्रावर, खऱ्या कामगारांनी काढलेले हवेत. गिऱ्हाइकाने वेगळे सांगितले नसेल तर एक ते आठ तासांचे उत्पादन आणि किमान सलग ३०० नग. हातकाम करून सुबक केलेले पाच नग दाखवणाऱ्याचे पितळ दुसऱ्याच महिन्यात उघडे पडते.

मंजुरी मिळाली की पुढचे तीन बदल कळवल्याशिवाय करू नयेत:

1. कच्च्या मालाचा प्रकार किंवा पुरवठादार
2. डाय, मोल्ड किंवा प्रक्रिया
3. कारखान्याची जागा

तिसरा मुद्दा बेंगळुरूत वारंवार नडतो. भाडे परवडत नाही म्हणून पीण्यातली शेड सोडून हारोहळ्ळीला जाणे स्वाभाविक आहे, पण यंत्रे तीच, माणसे तीच असली तरी मंजुरी नव्याने लागते. हलण्याआधी पुरेसा तयार साठा करून ठेवावा आणि गिऱ्हाइकाची लेखी परवानगी घ्यावी.

दर, शेड्यूल आणि खुली ऑर्डर

वाहन उद्योगात खुली परचेस ऑर्डर चालते. तिच्यावर दर असतो, संख्या नसते. संख्या दर महिन्याच्या शेड्यूलमधून येते, त्यातले पहिले काही दिवस पक्के आणि पुढचे अंदाजाचे. अंदाजावर विसंबून तीन महिन्यांचा फोम किंवा खास रंगाचे कापड भरून ठेवले आणि मॉडेलचा रंग बदलला, तर ते कापड दुसरीकडे कुठेच खपत नाही.

असे प्रसंग काल्पनिक नाहीत. नोव्हेंबर २०२० मध्ये बिडदीच्या टोयोटा कारखान्यात टाळेबंदी झाली आणि कामगारांचा तिढा सुटायला २०२१ उजाडले. एकाच गिऱ्हाइकाच्या क्रमावर चालणाऱ्या पुरवठादाराला अशा काळात मागणीच उरत नाही, पगार आणि हप्ते मात्र चालू राहतात.

करारात पुढील गोष्टी असाव्यात. सगळ्या मिळणार नाहीत, पण मागितल्याशिवाय एकही मिळत नाही:

- शेड्यूल रद्द झाल्यास किती आठवड्यांचा तयार माल आणि किती आठवड्यांचा कच्चा माल गिऱ्हाईक उचलेल.
- पोलाद, पॉलिऑल, पॉलिप्रॉपिलीन यांचा दर कोणत्या आधाराने आणि किती महिन्यांनी सुधारला जाईल. वाढ तिमाहीने आणि घट लगेच, असे एकतर्फी कलम असेल तर हरकत घ्या.
- दरवर्षीच्या दरकपातीची टक्केवारी. ती सांगितलेल्या संख्येशी बांधलेली असावी. संख्या न आल्यास कपातही नाही.
- लाइन अडल्याच्या दंडाला वरची मर्यादा. ही मर्यादा नसेल तर काही रुपयांच्या क्लिपेपायी लाखांचा दंड निघू शकतो.

डाय आणि मोल्ड कोणाचे?

डायचा खर्च तीन तऱ्हांनी भागवला जातो: गिऱ्हाईक एकरकमी देते, किंवा भागाच्या दरात थोडा थोडा वसूल होतो, किंवा पुरवठादार स्वतः घालतो. दुसऱ्या तऱ्हेत धोका सर्वांत जास्त. एक लाख नगांवर वसुली ठरली आणि साठ हजारांवर मॉडेल बंद पडले, तर उरलेले पैसे कोण देणार? हे वाक्य करारात नसेल तर बहुधा कोणीच देत नाही.

जीएसटीच्या दृष्टीने हा मुद्दा ८ जून २०१८ च्या परिपत्रकाने (क्रमांक ४७) स्पष्ट केला आहे. मोल्ड वाहन कंपनीच्या मालकीचा असून तिने तो विनामूल्य वापरायला दिला असेल, तर त्याची किंमत भागाच्या करपात्र मूल्यात मिळवायची नाही. पण करारानुसार मोल्ड पुरवठादाराने स्वतःचा वापरायचा असताना कंपनीने तो विनामूल्य दिला, तर वाटून आलेला खर्च मूल्यात मिळवावा लागतो. यंत्र तेच, मोल्ड तोच, फरक फक्त कराराच्या वाक्याचा. म्हणून मोल्ड कोणी पुरवायचा हे ऑर्डरमध्ये स्वच्छ लिहून घ्या.

जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल एका वर्षात आणि भांडवली माल तीन वर्षांत परत आला पाहिजे, असे केंद्रीय जीएसटी कायद्याचे कलम १४३ सांगते. डाय, मोल्ड, जिग, फिक्श्चर आणि हत्यारे यांना ही तीन वर्षांची मर्यादा नाही. तरी चलन मात्र हवेच. परक्याच्या मोल्डवर मालकाचे नाव कोरलेली पट्टी, त्याचा फोटो आणि विमा, एवढे तरी ठेवावे. बँकेने उद्या शेडमधली मालमत्ता तारण धरून जप्त केली, तर त्यातून गिऱ्हाइकाचा मोल्ड वेगळा काढायला हीच पट्टी उपयोगी पडते.

सीटवर जीएसटी किती?

या प्रश्नाने बराच घोळ घातला. मोटारीच्या सीट ९४०१ या शीर्षकाखाली, तर दुचाकीच्या ८७१४ खाली येतात. दुचाकीच्या सीटवर २८ टक्के आणि मोटारीच्या सीटवर १८ टक्के अशी तफावत होती. जीएसटी परिषदेने सप्टेंबर २०२४ मध्ये मोटारीच्या सीटही २८ टक्क्यांवर नेल्या आणि हा बदल १० ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाला. पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के आकारणी आली. आज दर सारखा असला तरी त्या काळातली बिले, परत आलेला माल आणि क्रेडिट नोटा तपासताना तेव्हाचाच दर धरावा लागतो.

जागा

बिडदी, हारोहळ्ळी, होसकोटे, नरसापूर-वेमगल इथल्या औद्योगिक वसाहती कर्नाटक औद्योगिक क्षेत्र विकास मंडळाच्या. भूखंडाच्या करारातली बांधकामाची आणि उत्पादन सुरू करण्याची मुदत वाचूनच सही करा. दुसऱ्याच्या भूखंडावर भाड्याने शेड घेत असाल तर मंडळाची उपभाड्याची परवानगी आहे का ते पाहा. ती नसेल तर विजेची जोडणी आणि प्रदूषण मंडळाची संमती दोन्ही अडकतात. कागद बहुतेक कन्नडमध्ये असतात, तेव्हा ओळखीच्याने तोंडी सांगितलेल्या अर्थावर विसंबू नका, भाषांतर करून घ्या.

शहरात गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना बंदी असते. पीण्याहून बिडदीला ठरावीक वेळी माल पोचवायचा असेल तर तुमकूर रस्ता आणि म्हैसूर रस्ता शहराबाहेरून जोडणारा नाइस रस्ता वापरावा आणि त्याचा टोल दरात धरावा.

बेळगाव-कोल्हापुरातून बेंगळुरूला तयार फोम किंवा पूर्ण कव्हरे पाठवणे सहसा परवडत नाही. ट्रकमध्ये वजन भरत नाही, नुसती हवा वाहून न्यावी लागते. दाबीव भाग, तारा, कंस यांना मात्र अंतराची अडचण कमी. आणि ज्यांना महाराष्ट्रातच राहायचे आहे त्यांनी मराठवाड्याकडे लक्ष ठेवावे. टोयोटा किर्लोस्करने जुलै २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगरला सुमारे २०,००० कोटी रुपयांच्या कारखान्यासाठी महाराष्ट्र सरकारशी सामंजस्य करार केला आहे. बिडदीच्या साखळीत दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर नाव असलेल्या पुरवठादाराला तिथे ओळख नव्याने करून द्यावी लागणार नाही.

पैसे अडकले तर

इथे कायदा लहान उद्योगाच्या बाजूने आहे, फक्त तो वापरायला आधी तयारी लागते.

पहिली तयारी उद्यम नोंदणीची. ती ऑनलाइन आणि पूर्ण मोफत आहे. १ एप्रिल २०२५ पासून गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत व उलाढाल १० कोटींपर्यंत असल्यास सूक्ष्म, आणि गुंतवणूक २५ कोटींपर्यंत व उलाढाल १०० कोटींपर्यंत असल्यास लघु उद्योग. उशिरा मिळालेल्या पैशांबद्दलचे संरक्षण या दोघांनाच आहे. मध्यम उद्योगाला नाही. नोंदणी पुरवठ्याच्या आधीची असावी. सिल्पी इंडस्ट्रीज विरुद्ध केरळ परिवहन महामंडळ या २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नंतर केलेल्या नोंदणीचा फायदा मागच्या व्यवहाराला दिला नाही. या मुद्द्यावर पुढे वेगळी मतेही आली, पण वादात पडण्यापेक्षा आधी नोंदणी करणे स्वस्त. प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक छापावा.

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ प्रमाणे:

- लेखी करार असला तरी मुदत माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपेक्षा जास्त ठरवता येत नाही. करार नसेल तर १५ दिवस. ऑर्डरवर “९० दिवस” छापलेले असले तरी कायदा त्यावर मात करतो.
- माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर तो पोचला त्या दिवशीच स्वीकारला असे धरतात. पुढे तीन महिन्यांनी आलेली डेबिट नोट पाहून मुदत पुन्हा मोजायला सुरुवात होत नाही. यासाठी पोचपावतीवर तारीख आणि शिक्का हवा.
- मुदत उलटली की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. बँक दर ६ टक्के धरला तर १८ टक्के. हे व्याज खरेदीदाराला आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही.

दाद मागण्याचा क्रम असा. आधी बिलवार थकबाकीचे पत्र, व्याजाच्या हिशेबासह. मग सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवरून सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे अर्ज. परिषद आधी समेट घडवू पाहते आणि तो न झाल्यास लवादाकडे जाते. कायद्यात ९० दिवस लिहिले आहेत, पण तेवढ्यात निकाल लागेल असे धरून रोखीचे नियोजन करू नये. निकाल विरुद्ध गेल्यास आव्हान देण्याआधी खरेदीदाराला ७५ टक्के रक्कम भरावी लागते. एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते: अधिकारक्षेत्र पुरवठादाराच्या ठिकाणावरून ठरते. खरेदीदार बेंगळुरूचा असला तरी कोल्हापूरच्या पुरवठादाराला महाराष्ट्रातल्या परिषदेकडे जाता येते, आणि बेळगावच्याला कर्नाटकातल्या.

एवढे टोक गाठायला बहुतेक जण कचरतात, कारण गिऱ्हाईक तुटते. त्यांच्यासाठी दोन मधले मार्ग आहेत. २५० कोटींहून जास्त उलाढालीच्या कंपन्यांना ट्रेड्स मंचावर नोंदणी सक्तीची आहे. खरेदीदाराने तिथे बिल मान्य केले की बँका बोली लावून ते वटवतात, आणि खरेदीदाराने पुढे पैसे बुडवले तरी बँक पुरवठादाराकडे परत येत नाही. दुसरा मार्ग आयकराचा. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून, सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे वरील मुदतीत न दिल्यास खरेदीदाराला ती रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खर्चात धरता येत नाही. त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांच्या लेखा विभागाला उद्यम प्रमाणपत्रासह पाठवलेले साधे स्मरणपत्र वर्षभराच्या फोनांपेक्षा जास्त काम करते. निव्वळ व्यापार करणाऱ्या पुरवठादाराला ही तरतूद लागू होत नाही, उत्पादन किंवा सेवा हवी.

नाकारलेला माल आणि रिकॉल

डेबिट नोट आली की तीन गोष्टी मागा: नाकारलेले नग परत, लॉट क्रमांक, आणि मोजमापाचा अहवाल. नग परत मिळत नसतील तर नोट लेखी नाकारा. सुरक्षेशी निगडित दोष असेल तर प्रकरण रिकॉलपर्यंत जाऊ शकते. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ११०अ नुसार केंद्र सरकार गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते. जबाबदारी वाहन बनवणाऱ्याची, पण तो खर्च करारातून खाली उतरतो. आपल्या वाट्याची मर्यादा ठरवून घ्या. उत्पादनाच्या दायित्वाच्या साध्या विम्यात रिकॉलचा खर्च सहसा येत नाही, तो वेगळा घ्यावा लागतो.

मॉडेल बंद झाल्यावर

टोयोटाची इटिऑस २०१० मध्ये बाजारात आली आणि २०२० मध्ये थांबली. पण रस्त्यावरच्या गाड्यांना त्यानंतरही सीटची झाकणे, हँडले, हेडरेस्ट लागतातच. त्यासाठी डाय सांभाळणे, महिन्याला पन्नास-शंभर नगांसाठी यंत्रावर चढवणे, रंग जुळवणे हा खर्च मोठ्या उत्पादनाच्या दरात बसत नाही. म्हणून सुट्या भागांचा काळ किती वर्षांचा, त्यात दर वेगळा की तोच, आणि मुदत संपल्यावर डाय परत न्यायचा की भंगारात काढायचा, याची तरतूद मूळ करारातच असावी. मॉडेल थांबल्याची सूचना आली की तयार माल, कच्चा माल आणि वसूल न झालेला डायचा खर्च यांची यादी एका महिन्याच्या आत लेखी पाठवा. पुढे खरेदी विभागातली माणसे बदलतात, आणि मग त्या यादीला विचारणारे कोणी उरत नाही.